सोलोआधी साथ शिकवा

डिसेंबर १९३४ मध्ये पॅरिसच्या अल्ट्राफोन कंपनीने पाच वादकांकडून चार गाणी ध्वनिमुद्रित करून घेतली. स्टेफान ग्रापेलीचं व्हायोलिन, लुई व्होलाचा डबल बास आणि तीन गिटार, एवढाच वाद्यमेळ होता. ड्रम नाही, पियानो नाही, ट्रम्पेट-सॅक्सोफोनही नाही. तीनपैकी एक गिटार जँगो राइनहार्टची, आणि पुढे जवळपास शतकभर जगाने कौतुक केलं ते तिचं. उरलेल्या दोन गिटार जँगोचा धाकटा भाऊ जोसेफ आणि रोजे शापू यांच्या हातात होत्या. गाणं सुरू झाल्यापासून संपेपर्यंत त्यांनी ठेका धरला, दुसरं काही केलं नाही. बास धरला तर पाचांपैकी तिघे साथीला होते. आज ज्याला जिप्सी जॅझ किंवा जॅझ मानूश म्हणतात, त्या शैलीची घडण या हिशेबातच दडलेली आहे. जगात कुठेही ही शैली शिकायला निघालेला माणूस मात्र जँगोच्या सुसाट सोलोच्या मागे धावतो आणि साथीची गिटार ‘जाता जाता येईलच’ म्हणून बाजूला ठेवतो. हा क्रम उलटा आहे असं माझं मत आहे. या शैलीत प्रवेश साथीतूनच व्हायला हवा आणि तिथला मुक्काम लांबायला हवा. शिवाय साथीला कच्च्या विद्यार्थ्याचं काम समजणाऱ्या एकूण गिटारशिक्षणानेच या उदाहरणाकडे नीट पाहावं.

आधी हा ठेका काय आहे ते पाहू. फ्रेंचमध्ये त्याला ‘ला पाँप’ म्हणतात. चार मात्रांचं माप, बास पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर. गिटारवादक चारही मात्रांवर वरून खाली आघात करतो, पण चारही आघात सारखे नसतात. पहिला आणि तिसरा हलका, जाड तारांकडे झुकलेला; दुसरा आणि चौथा सगळ्या तारांवर, ठसठशीत आणि लगेच तोडलेला. याखेरीज पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेच्या निमिषभर आधी हात वर येताना तारांना पुसटसा स्पर्श करून जातो. तो सुटा ऐकू आला तर बिघडलं. मुख्य स्वराला कणस्वर लागावा तसा तो खालच्या आघाताला चिकटूनच यायला हवा. आघात तोडण्याचं काम डाव्या हाताचं. कॉर्ड दाबायची, आघात होताक्षणी बोटं सैल सोडायची, पण तारांवरून उचलायची नाहीत. उचलली की तारा नको तिथे वाजतात. उजवं मनगट फळीपासून दूर आणि किंचित वाकलेलं, पंजा कुठेही न टेकवलेला, पिक तीन मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही जाड. हालचाल खांद्यातून येत नाही. हात धुतल्यावर पाणी झटकावं तशी कोपराखालच्या भागाची सैल फिरकी असते. एवढं सगळं सांगायला दहा मिनिटं पुरतात, आणि तिथेच फसगत होते. कागदावर उतरवलं तर चार तिरप्या रेघा उरतात. आघात किती लांब ठेवायचा, पहिल्या आणि दुसऱ्या मात्रेच्या वजनात किती अंतर राखायचं, संथ गाण्यात तो कणाचा स्पर्श ठेवायचा की गाळायचा, यांतलं काहीच त्या रेघांत मावत नाही. वर-खाली बाणांची चित्रं काढून हा ठेका ‘स्ट्रमिंग पॅटर्न’ म्हणून शिकवणाऱ्यांनी त्याचा सांगाडा तेवढा दिलेला असतो.

मिनिटाला २४० मात्रांची गती या शैलीत काही फार अनोखी नाही. त्या गतीत पाच मिनिटांचं गाणं वाजवायचं तर १२०० आघात, म्हणजे दर सेकंदाला चार. हाताचा एखादा स्नायू ताठरला की गती आधी वाढते, मग दमून मागे पडते, आणि ती पडली की वर चाललेल्या व्हायोलिनच्या पायाखालची जमीन सरकते. सोलो वाजवणाऱ्याला एखादा स्वर चुकला तर तो पुढच्या वळणात सावरून घेता येतो. ऐकणाऱ्याला ती चूक नक्षीच वाटण्याचीही शक्यता असते. साथीदाराला अशी पळवाट नाही. दुसऱ्या मात्रेचा आघात जरासा पुढेमागे झाला तरी तालाची काही जाण नसलेल्या श्रोत्यालासुद्धा काहीतरी खटकतं, फक्त काय ते त्याला सांगता येत नाही. सोपं म्हणून नवख्याला दिलं जाणारं हे काम कौशल्याच्या मापाने असं अवघड आहे. त्यात बोटांची कसरत कमी आहे हे खरं, पण वादनाचं शिक्षण म्हणजे बोटांचंच शिक्षण हा समज तरी कुठून आला?

ड्रम नसल्यामुळे या गिटारवर दुहेरी भार पडतो. इतर जॅझ वाद्यवृंदांत ताल ड्रमकडे आणि स्वरांची बैठक पियानोकडे, अशी वाटणी असते. इथे दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर ड्रम जो चटका देतो तोही गिटारलाच द्यायचा, आणि राग-रस बदलत नेणाऱ्या कॉर्डही तिनेच पुरवायच्या. सेल्मर कंपनीने १९३२ पासून बनवलेली मारियो माकाफेरीच्या आराखड्याची गिटार या कामाला अगदी बेतलेली निघाली. वरची फळी पातळ. सुरुवातीच्या नमुन्यांत मुख इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचं, पुढे लहान आणि लंबगोल. आवाज चटकन फुटतो, लांब पोहोचतो आणि घोटाळत बसत नाही. मायक्रोफोनच्या कृपेवर विसंबता येत नव्हतं त्या काळात हा मोठाच गुण. १९५२ पर्यंत त्या हजाराच्या आतच बनल्या. सेल्मरचं नाव घेताना हल्लीचे शौकीन जँगोची आठवण काढतात. पण दोन गिटार एका आवाजात खड्या वाजवून नृत्यगृह भरून टाकणं हीसुद्धा त्याच वाद्याची करामत होती. तिसरी गिटार कशी आली याचीही एक कथा सांगतात. ग्रापेली वाजवतो तेव्हा त्याच्या मागे दोन गिटार असतात आणि माझ्या वेळी एकच, अशी जँगोची तक्रार होती, म्हणून धाकट्या भावाला बोलावून घेतलं. कथा थोडी रंगवलेली असेलही. तरी एक गोष्ट तिच्यातून स्वच्छ दिसते: त्या काळातल्या सगळ्यांत तेज सोलोवादकाला आपल्या वाट्याला हवी होती ती आणखी थोडी साथ.

कॉर्डचंही तसंच आहे. साधी मेजर किंवा मायनर कॉर्ड या शैलीत सपक लागते. तिच्यात सहावा स्वर मिसळलेले आकार जास्त चालतात. मायनर सिक्स्थचा एकच आकार घ्या. ए मायनर सिक्स्थ म्हणून धरलेले ए, सी, ई आणि एफ शार्प हे चार स्वर, खाली बासने डी धरला की डी नाइन्थ होतात. बोटं हलली नाहीत, बासमुळे अर्थ बदलला. साथीला बसलेल्या विद्यार्थ्याला हे कानाने कळतं, आणि एकदा कळलं की हार्मनीच्या पुस्तकातली चार प्रकरणं वाचण्याआधीच उलगडतात. पुढे तो सोलो वाजवायला लागतो तेव्हा स्वर कुठून कुठे जाऊ पाहतो आहे हे त्याला ठाऊक असतं. थेट सोलोकडे गेलेल्याकडे पाठ केलेल्या तानांचा साठा असतो. कॉर्ड बदलली की कुठली तान कुठे बसवायची हे आठवण्यात त्याची शक्ती खर्ची पडते.

ज्या समाजाने ही शैली जपली त्याची रीतही हेच सांगते. फ्रान्स, बेल्जियम, हॉलंड आणि जर्मनीतल्या मानूश आणि सिंती या रोमा समाजाच्या शाखांतल्या कुटुंबांत मूल गिटार हातात घेतं ते बहुधा काका-मामाच्या मागे ठेका धरण्यासाठी. पुस्तक नाही, नोटेशन नाही. समोरच्याच्या हाताकडे बघायचं आणि त्याचा आवाज बुडणार नाही इतक्याच जोराने वाजवायचं. यातून साथीलाच आयुष्य वाहिलेले वादक तयार झाले. हॉलंडच्या रोझेनबर्ग त्रयीत स्तोकेलोचं नाव गाजलं, पण नूशेची कोरडी, घट्ट रिदम काढून घेतली तर त्या त्रयीची ओळखच उरणार नाही. बिरेली लाग्रेन आणि दोरादो श्मित या सोलोवादकांच्या मागे बसणाऱ्या होनो विंटरस्टाइनचं नाव जाणकार याच आदराने घेतात. आणि जँगो तरी कुठून आला? पॅरिसच्या म्युझेट नृत्यगृहांत अकॉर्डियनवाल्यांच्या साथीला पोरवयात बँजो वाजवत. १९२८ मधली त्याची पहिली ध्वनिमुद्रणं अकॉर्डियनच्या साथीची आहेत. त्याच वर्षी गाडीघराला लागलेल्या आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं जायबंदी झाली, आणि त्यानंतरचा दोन बोटांचा चमत्कार सर्वांना माहीत आहे. ग्रापेलीच्या मागे तो स्वतः काय वाजवायचा, हे मात्र फार थोडे लोक कान देऊन ऐकतात. मध्येच कॉर्डचा थरथरता कंप, मध्येच ट्रम्पेटच्या ताफ्यासारखी फेक, मग पुन्हा निमूट ठेका. त्याच्या सोलोची अर्धी कल्पकता या साथीत आहे.

यावर पहिला आक्षेप इतिहासातूनच येतो, आणि तो वजनदार आहे. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर ग्रापेली लंडनमध्ये राहिला आणि जँगो पॅरिसला परतला. १९४० च्या ‘न्वाज’ या प्रसिद्ध रचनेच्या ध्वनिमुद्रणात क्लॅरिनेट आहेत, ड्रम आहे आणि साथीला एकच गिटार. म्हणजे ज्याच्या नावाने ही शैली ओळखली जाते त्यानेच दोन गिटारच्या ठेक्याचा आग्रह सोडला होता. शिवाय जॅझच्या काही समीक्षकांना तो ठेका जड, घण घातल्यासारखा वाटत आला आहे. जुन्या तबकड्या ऐकताना ही तक्रार अगदीच खोटी वाटत नाही. काही ठिकाणी गिटार खरंच वजन टाकतात. पण पुढे काय झालं तेही पाहायला हवं. नाझी राजवटीत युरोपातल्या सिंती आणि रोमा समाजांतली लक्षावधी माणसं मारली गेली. युद्धानंतर उरलेल्या कुटुंबांसमोर जँगोचे दोन्ही नमुने होते, ड्रम-क्लॅरिनेटचाही आणि गिटारांचाही. कुटुंबात, गाडीघरांच्या तळावर, मित्रांच्या जमावात टिकला तो गिटारांचा, कारण त्यात प्रत्येकाला जागा होती. आणि टिकताना तो हलका होत गेला. आजच्या डच आणि आल्सेसच्या वादकांचा ठेका १९३४ च्या मानाने बराच कोरडा आणि चपळ आहे. जडपणा ठेक्याचा स्वभाव असता तर तो असा गेला नसता. तो कच्च्या हाताचा दोष आहे, आणि कच्चा हात पक्का करायचा म्हणजे साथ अधिक शिकवायची.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा. महिनोन्‌महिने ठेकाच धरायला लावला तर मुलं क्लास सोडून जातील. यात धंद्याची काळजी आहे आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. पण आकडे काय सांगतात ते बघा. १९३७ मध्ये ध्वनिमुद्रित झालेली ‘मायनर स्विंग’ ही या शैलीतली जवळपास सगळ्यांची पहिली रचना. तिचा सोलोसाठीचा साचा १६ मापांचा आहे आणि मूळ रूपात तो तीन कॉर्डवर चालतो. पाठ व्हायला एक दुपार पुरते. ठेका बऱ्यापैकी बसला की काही आठवड्यांत तो विद्यार्थी कुणाही जाणत्याबरोबर बसून खरंखुरं संगीत करू शकतो. त्याच काळात सोलोच्या वाटेने निघालेला विद्यार्थी अजून संथ गतीत एका तानेशी झगडत असतो आणि दुसऱ्या कुणाच्याही उपयोगी पडत नाही. कंटाळा ठेक्याचा येत नाही, एकट्याने ठेका वाजवण्याचा येतो. तबल्याच्या वर्गात तीनतालाचा ठेका पहिल्याच दिवसांत शिकवला जातो आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. अहमदजान थिरकवांसारखा स्वतंत्र वादनाचा बादशहा गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना साथ करत असे, आणि मराठी रसिकांनी त्या साथीला डोक्यावर घेतलं होतं. तोच रसिक मुलाला गिटारच्या वर्गात घालतो आणि महिन्याभरात विचारतो, “अजून गाणं वाजवायला शिकवलं नाही?”

या उतावळेपणाला आता यंत्राचीही साथ मिळाली आहे. ट्रिनिटी किंवा रॉकस्कूल यांसारख्या लंडनच्या मंडळांच्या श्रेणी परीक्षा मुंबई-पुण्यात शेकडो मुलं देतात. रॉकस्कूलच्या परीक्षेत उमेदवार आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या साथीवर आपला भाग वाजवतो. घरी सरावासाठी मोबाइलवर आयरिअल प्रो हे साथ वाजवणारं अ‍ॅप आहेच. त्यात जिप्सी जॅझचा ठेकाही मिळतो, हव्या त्या पट्टीत आणि हव्या त्या गतीत, न थकता. सोय म्हणून हे उत्तम. पण या साथीला कान नाहीत. तुम्ही हळू वाजवलंत तर ती दबत नाही, तुम्ही जागा सोडलीत तर ती भरत नाही, आणि तुमचा ठेका वाईट असला तर ती तुम्हाला सांगत नाही, कारण ठेका तिने स्वतःकडेच घेतलेला असतो. म्हणजे या शैलीतला सर्वांत अवघड आणि सर्वांत शिकण्याजोगा भाग यंत्राला देऊन टाकायचा आणि उरलेला आपण शिकायचा. दुसऱ्याचं ऐकत वाजवणं ही गोष्ट या व्यवस्थेत कुठेच येत नाही. विद्यार्थी पाचवी-सहावी श्रेणी ओलांडतो आणि गणेशोत्सवात गाणाऱ्या चुलत बहिणीला धड साथ देऊ शकत नाही, यात नवल काय?

साथीला मान नाही, पैसा नाही, मग मुलाने त्यात वर्षं का घालवावीत, असं पालक विचारतील. खरं आहे. हिंदी चित्रपटसंगीताच्या तबकड्यांवर वादकांची नावं क्वचितच छापली जात, आणि त्या वाद्यवृंदांचा कणा असलेले कितीतरी गोमंतकीय वादक असेच अनाम राहिले. पण अनाम राहिलेले बेकार नव्हते. कामाला बोलावलं जाई ते त्यांनाच. अमेरिकी जॅझमधल्या काउंट बेसीच्या वाद्यवृंदात फ्रेडी ग्रीन १९३७ पासून १९८७ मध्ये मरण येईपर्यंत रिदम गिटार वाजवत होता. सोलो जवळजवळ नाहीच. पन्नास वर्षं एका मोठ्या वाद्यवृंदात टिकून राहिलेले किती सोलोवादक दाखवता येतील? भरवशाचा साथीदार कुणालाही हवा असतो, आणि असे साथीदार नेहमीच कमी असतात.

आणखी एक हरकत थोडी वेगळ्या जातीची आहे. ही कुटुंबांत वाढलेली, छळ सोसलेल्या समाजाची परंपरा. बाहेरच्याने ती वर्गात बसून शिकावी का, आणि शिकता येईल का? पहिल्या पंचकाकडे पाहिलं तर उत्तर मिळतं. ग्रापेली, व्होला आणि शापू मानूश नव्हते. वाजवली जाणारी बरीच गाणी अमेरिकी होती, नाच म्युझेटचे होते. बाहेरच्यांचा हात लागल्याशिवाय ही शैली झालीच नसती. मात्र शिकणाऱ्यावर ऋण आहे, आणि त्याने ते नावानिशी मानावं. इथे आपल्याकडच्या एका सवयीला चिमटा काढावासा वाटतो. रोमा लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून गेले, हे त्यांच्या भाषेवरून सिद्ध झालं आहे. तोनी गातलिफचा ‘लाचो द्रोम’ हा १९९३ चा चित्रपट राजस्थानातूनच सुरू होतो. एवढ्यावरून जिप्सी जॅझ ‘मूळचं आपलंच’ म्हणून छाती फुगवणारे भेटतात. १९३० च्या दशकातल्या पॅरिसमध्ये घडलेला ठेका रक्तातून येत नाही. तो मनगटातून येतो, आणि त्यासाठी नागपूरच्या मुलाला तेवढेच कष्ट आहेत जेवढे नॉर्वेच्या मुलीला.

राहतो प्रश्न सोबतीचा. सामुआ-स्युर-सेन या फ्रान्समधल्या गावी, जिथे जँगोची अखेरची वर्षं गेली, अनेक वर्षं त्याच्या नावाचा महोत्सव भरत असे, आणि आसपासच्या तंबूंच्या तळांवर रात्रभर मैफली रंगत. तिथली शिस्त शिकण्यासारखी आहे: दहा गिटार जमल्या तरी ठेका दोघा-तिघांनीच धरायचा, बाकीच्यांनी थांबायचं, आणि आपली पाळी आली की दुसऱ्याच्या सोलोला मन लावून साथ द्यायची. सांगली किंवा अकोल्यात असा तळ नाही, हे कबूल. पण त्यासाठी दहा जण लागत नाहीत, दोन पुरतात. क्लासमध्ये दोन मुलं समोरासमोर बसवावीत. एकाने कोणतीही साधी चाल वाजवावी, दुसऱ्याने ठेका धरावा, दर १६ मापांनंतर अदलाबदल. चाल वाजवणारा मुद्दाम जाड तारांवर, दबक्या आवाजात वाजवेल, आणि ठेका त्याच्या खाली राहिला पाहिजे. मोबाइल सोलोवाल्याच्या बाजूला ठेवून ध्वनिमुद्रण करावं, म्हणजे आपला ठेका दुसऱ्याला कसा ऐकू येतो ते साथीदाराला कळेल. दुसरी गिटार नसेल तर पेटी चालेल, बासरी चालेल, गाणारा गळा तर उत्तमच. आणि परीक्षा घेणाऱ्यांनी तीन मिनिटं काढून उमेदवाराला साथीला बसवावं. परीक्षकाने स्वतः व्हायोलिन किंवा पेटी वाजवावी, मध्येच आवाज निम्म्यावर आणावा, एखादं आवर्तन रिकामं सोडावं, आणि उमेदवाराचा हात काय करतो ते पाहावं. ध्वनिमुद्रित साथीवर वाजवून भरघोस गुण मिळवणाऱ्यांपैकी निम्मे तरी यात उत्तीर्ण होतील का, याची मला शंका आहे.